दोड्डकल्लूचा पहारा

भुतांच्या बातम्या मारणं हा माझ्या नोकरीचाच एक भाग होता. मैसूरमधल्या एका इंग्रजी दैनिकाच्या डेस्कवर मी बरीच वर्षं काढली. तालुक्यांच्या वार्ताहरांकडून अशी एखादी बातमी अधूनमधून यायचीच — पिंपळाखाली बसलेली बाई, बंद शाळेत वाजणारी घंटा... मी फोन करून एवढंच विचारायचो, 'दुसरा साक्षीदार कोण?' तो कधीच नसायचा. बातमी टोपलीत जायची. घरच्या पूजेलासुद्धा मी प्रसादापुरताच हजर असतो.

तेव्हा खाली जे लिहितोय ते कुणाला पटवायला नाही. मी काय पाहिलं, इतरांनी मला काय सांगितलं आणि मला काय माहीत नाही, हे वेगवेगळं ठेवायचा प्रयत्न केला आहे. माणसांची नावं बदलली आहेत. आमचं घर मूळचं मैसूरच्या अग्रहारातलं. घरात बोलतो ती मराठी निम्मी कन्नड असते, आणि लिहायची मराठी मी वाचून शिकलो. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

प्रमोद माझा आत्येभाऊ. वयाने माझ्याहून बराच लहान, एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, लग्न झालेलं नव्हतं. चामराजपुरममध्ये आईबरोबर राहायचा. त्याची आई म्हणजे माझी कावेरीआत्या. मी बोगादीत राहतो. गेली काही वर्षं मैसूरमध्ये ग्रॅव्हल बाइकिंगचं वेड आलं आहे. हँडल रेसच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड, म्हणजे डांबर सोडून मुरमाच्या, मातीच्या वाटांवर जाता येतं. प्रमोद अशा एका क्लबात होता. त्यानेच मला ओढलं. 'अण्णा, डेस्कवर बसून पोट सुटलंय तुझं,' म्हणायचा, 'चढावर घाम गाळ जरा.'

क्लबचा आवडता रूट सरगूरच्या पुढे होता. नुगू धरणाच्या बॅकवॉटरच्या कडेने वाट जाते, मग डोंगराला लागते. उजवीकडे उतरणीवर नाचणीची शेतं, खाली पाणी, पाण्यापलीकडे जंगलाचे निळे डोंगर. वाट रानाच्या हद्दीबाहेरूनच जाते. चढ संपतो तिथे हत्तीएवढा एक काळा दगड आहे आणि दगडापाशी फाटा फुटतो. डावी वाट धारेवरून वस्तीकडे जाते. उजवी छान रुंद दिसते, पण ती थेट पाण्यात उतरते. उन्हाळ्यात पाणी मागे हटलं की तिथे गुडघाभर गाळ. या जागेला दोड्डकल्लू म्हणतात. मोठा दगड, बस. तिथे मारुतीचं देऊळ नाही की कुणाची समाधी नाही. मी चौकशी केली आहे. त्या जागेची कसलीही जुनी गोष्ट मला मिळाली नाही.

क्लबची एक पद्धत होती, ती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. डोंगरात फोनला रेंज नसते आणि प्रत्येकाकडे नकाशा दाखवणारं यंत्र नसतं. म्हणून प्रत्येक फाट्यावर पुढच्यांपैकी एक जण थांबायचा. त्याला 'मार्कर' म्हणत. त्याने येणाऱ्याला दिसेल असं उभं राहायचं आणि हात लांब करून वाट दाखवायची. सगळ्यांच्या शेवटी एक जण मुद्दाम हळू येतो, तो 'स्वीप'. मागून कुणी आलं की मार्कर विचारायचा, 'लास्टा?' म्हणजे शेवटचा का तू. स्वीप असेल तर 'लास्ट' म्हणायचा, आणि मार्कर सुटला. दुसरा कुणी असेल तर सांगायचा, मागे अजून आहेत. 'लास्ट' ऐकल्याशिवाय मार्करने हलायचं नाही, हा नियम.

प्रमोदला हा नियम नवीन नव्हता. आमच्या आजोळचे... म्हणजे माझ्या बापाकडचे आणि त्याच्या आईकडचे पूर्वज महाराजांच्या फौजेतले. आमच्या घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. खापरपणजोबा वाड्याच्या फाटकावर पहाऱ्याला होते, बदलीचा शिपाई आजारी पडला, कुणाच्या लक्षात राहिलं नाही, आणि खापरपणजोबा रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस तसेच उभे राहिले. खरं किती, माहीत नाही. पण या गोष्टीतून घरात एक शिक्षा निघाली होती. पोराने खोडी केली की त्याला 'पहाऱ्यावर' उभं करायचं, दारातल्या खांबापाशी. बसायचं नाही, टेकायचं नाही. आणि ज्याने उभं केलं त्यानेच सोडायचं. दुसऱ्या कुणी सोडलं तर ते चालत नसे. मी लहानपणी पुष्कळ वेळा उभा राहिलोय. मोठी माणसं आत गेली की मी पळायचो. सगळेच पळायचे.

प्रमोद पळायचा नाही. एकदा आत्याने त्याला उभं केलं आणि देवराज मार्केटला गेली. तिथे तिची कुणी मैत्रीण भेटली, तिच्याकडे कॉफी झाली, गप्पा झाल्या. परत आली तेव्हा पोरगा खांबापाशीच होता. चड्डी ओली, पायाखाली थारोळं. शेजारीण सांगत होती, मी दहादा म्हटलं बस म्हणून, ऐकत नाही. ही गोष्ट आत्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला सांगायची, अभिमानाने. प्रमोद मोठा झाल्यावरही, त्याच्यासमोर. तो हसायचा.

आता त्या दिवसाचं. मी त्या राइडला नव्हतो. पुढचं सगळं क्लबच्या एकेका माणसाशी वेगळं बोलून जमवलेलं आहे.

उन्हाळ्यातला रविवार. प्रमोदच्या शेवटच्या काही राइड्सपैकी ही एक असणार होती. कंपनी त्याला जर्मनीला पाठवत होती, जूनमध्ये निघायचं होतं. दोड्डकल्लूला पोचल्यावर कॅप्टन अरविंदने त्याला मार्कर ठेवलं आणि बाकीचे डावीकडे पुढे गेले. मागून तुरळक लोक येत राहिले. एका मुलीचं पाणी संपलं होतं, प्रमोदने तिला आपली उरलेली बाटली दिली. ती म्हणाली, 'तुला?' तो म्हणाला, 'आता येईलच स्वीप.'

स्वीप आला नाही. नवीन नावाचा एक जण त्या दिवशी स्वीप होता. खाली एकाचा टायर फाटला, ऊन वाढलं होतं, म्हणून नवीन आणि त्याच्याबरोबरचे तिघे चढ सोडून कालव्याच्या सडकेने सरळ सरगूरला गेले. हे ठरवताना वर एक माणूस उभा आहे हे त्यांच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही.

सरगूरच्या हॉटेलात सगळे जमले. इडली-वडे आले. कुणीतरी विचारलं, प्रमोद कुठाय? नवीनने कपाळावर हात मारला. इथपर्यंत ती चूक होती. पुढचं मला चौघांनी सांगितलं आणि चौघांचं तंतोतंत जुळतं. अरविंद म्हणाला, 'अरे, पहारेकऱ्याच्या खानदानातला आहे तो, हलणार नाही. खाऊन जाऊ.' सगळे हसले. एकाने पैज लावली की संध्याकाळपर्यंत उभा राहील. मग मसाला डोसा मागवला, तो यायला वेळ लागला, मग कॉफी.

पिकअप गाडी वर गेली तेव्हा प्रमोद फाट्यावर आडवा पडलेला होता. उष्माघात. फाट्यापासून हाक ऐकू येईल एवढ्या अंतरावर चिंचेचं झाड आहे, दाट सावलीचं. पण त्या सावलीतून चढाची वाट दिसत नाही, आणि वाटेवरून येणाऱ्याला सावलीतला माणूस दिसत नाही. ते मी स्वतः जाऊन तपासलं.

क्लबने आपल्या ग्रुपवर श्रद्धांजली लिहिली. पुढे ओळ होती: 'नियम पाळतानाही प्रत्येकाने स्वतःचा कॉमन सेन्स वापरावी.' मार्करची पद्धत बंद झाली. जर्सीचा पिवळा रंगही बदलला, आता निळी आहे. प्रमोदची सायकल आत्याच्या घरी आली. ती हॉलमध्ये भिंतीला उभी असते, आत्या रोज पुसते.

आत्या रडली नाही फारशी. दिवसकार्य झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाली, 'मोहना, एकच सांग मला. त्याला सोडलं कोणी?'

'म्हणजे?'

'पहाऱ्यावर होता की नाही? मग बदली कोणी केली? कोण बोललं त्याला, जा म्हणून?'

'कोणीच नाही आत्या. तो गेलाच होता तोवर.'

'मग सुटला नाही तो,' ती म्हणाली. 'अय्यो देवा. सुटला नाही अजून.'

त्यानंतर भेटेल त्याला हेच. डॉक्टरांना, भटजींना, अरविंद भेटायला आला तेव्हा त्यालाही. 'सोडवा रे त्याला कोणीतरी.' वडे तळून आणले होते तिने अरविंदसाठी. 'खा की,' म्हणाली, 'खाऊनच जा. तुम्ही खाऊनच जाता, अल्लवा? हो की नाही?' त्याने खाल्ले. ती समोर बसून बघत राहिली, संपेपर्यंत.

पावसाळा गेला. थंडी सरत आली तेव्हा क्लबने तो रूट पुन्हा सुरू केला. त्यानंतर माझ्या कानावर आलं की नवे लोक विचारतात, वरच्या फाट्यावर तो पिवळ्या जर्सीवाला कोण? वाट दाखवतो, पण नमस्कार केला तर बघत नाही. विचारणारे बेंगळूरूहून आलेले, प्रमोदचं नावही न ऐकलेले. जुन्यांपैकी कुणाला काही दिसलं नव्हतं. किंवा दिसलं तरी सांगत नव्हते. मी नेहमीचा प्रश्न विचारला आणि यावेळी दुसरा साक्षीदार होता. तिसराही. म्हणून मी गेलो.

रविवारची सकाळ, स्वच्छ ऊन. मी सगळ्यांत हळू, त्यामुळे मागेच पडलो होतो. माझ्यामागे दिव्या नावाची, क्लबात नुकतीच आलेली एक मुलगी, तिचं चाक पंक्चर झालेलं, ती चढावर सायकल ढकलत येत होती. चढाच्या शेवटी डोळ्यांत घाम गेला होता, नजर चाकापुढच्या मुरमावर. समोर दगड दिसला, दगडाशी माणूस दिसला, डावीकडे लांब केलेला हात. त्याने विचारलं, 'लास्टा?'

मी सवयीने म्हणालो, 'नाही, मागे एक आहे,' आणि डावीकडे वळलो.

थोडं पुढे गेल्यावर पाय थांबले. मार्करची पद्धत बंद झाली होती. आणि मी उत्तर मराठीत दिलं होतं. क्लबात माझ्याशी मराठी बोलणारा एकच माणूस होता.

वळून बघितलं. पाठमोरा होता, चढाच्या वाटेकडे तोंड. जर्सीवर घामाच्या मिठाचे पांढरे नकाशे. शेजारी सायकल, तीच, फ्रेमवरचा ओरखडासुद्धा तोच. बाटलीच्या दोन्ही जागा रिकाम्या. मी माझी सायकल टाकून परत आलो, समोर उभा राहिलो. ओठ फुटलेले. नाकावरची कातडी सोललेली. मी म्हटलं, 'प्रम्या.' त्याने माझ्यातून पलीकडे बघावं तसं वाटेकडे बघितलं.

इतक्यात दिव्या आली. त्याने तिला विचारलं, 'लास्टा?' ती क्लबात नवखी, तिला काय ठाऊक. तिने धापा टाकत सांगितलं, 'व्हॅन बरतिदे हिंदे.' व्हॅन येतेय मागे. त्याने मान हलवली आणि हात पुन्हा सरळ केला. क्लबची मदतीची व्हॅन आली तेव्हा फाट्यावर आम्ही दोघंच होतो. तो कधी दिसेनासा झाला हे मी सांगू शकत नाही. मी व्हॅनच्या आवाजाकडे बघितलं होतं.

दिव्याच्या हँडलवर कॅमेरा होता. त्यातलं चित्रण मी पाहिलं आहे. दगड आहे, वाट आहे, मी आहे. आवाज फक्त तिचा: व्हॅन येतेय मागे. ती हे कुणाला सांगतेय ते त्यात दिसत नाही. दिव्याने क्लब सोडला.

आत्याला सांगावं की नाही यावर मी फार विचार केला नाही. सोडवा म्हणत होती ती. सोडवायचा शब्द माझ्याजवळ होता, आणि तो तिने उच्चारणं योग्य, असं मला वाटलं. पुढच्या रविवारी तिला गाडीत घालून निघालो. इस्त्रीची नऊवारी, हातात पाण्याची मोठी बाटली आणि डब्यात दहीभात. नंजनगूड मागे पडल्यावर ती सराव करायला लागली.

'लास्ट म्हणायचं. एवढंच ना?'

'एवढंच.'

'लास्ट. लास्ट.' थोड्या वेळाने, 'जा बाळा म्हटलं तर?'

'ते मग म्हण. आधी लास्ट.'

'तुझ्या त्या क्लबवाल्यांना धड मराठी शब्द नाही का रे सापडला? माझ्या लेकराला शेवटी सोडायचं ते सुद्धा इंग्लिशमध्ये.' आणि हसली. प्रमोद गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना बघितलं.

शेवटचा चढ माझी छोटी गाडी घेत नाही. तिचे गुडघे गेलेले. माझा हात धरून, दर वळणाला थांबत ती चढली. मी मनात म्हणत होतो, नसेल तर बरं. दगड दिसला.

तो होता.

आत्याने माझा हात सोडला. जवळ गेली, त्याच्याहून उंचीने बरीच कमी, मान वर करून बघत राहिली. त्याने विचारलं, 'लास्टा?' तिने बाटली उघडून पुढे केली. त्याने बघितलं नाही. मार्करने वाटेवरची नजर काढायची नसते. तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम पुसला. पदर ओला झाला का, हे मी नंतर बघितलं. पदर कोरडा होता.

'जेवलास का रे?' ती म्हणाली.

'लास्टा?'

मी हळूच म्हटलं, 'आत्या. म्हण.'

तिने मागे वळून आम्ही आलो त्या वाटेकडे बघितलं. वाट रिकामी होती. खाली पाण्यावर ऊन चमकत होतं. बराच वेळ ती तशीच बघत होती. मग त्याच्याकडे वळून, घरात बोलायची त्या साध्या आवाजात म्हणाली, 'नाही रे राजा. इन्नू इद्दारे. अजून येतायत मागे, पुष्कळ जण आहेत. तू उभा राहा.'

त्याने मान हलवली. हात खाली आला होता, तो पुन्हा वर केला.

गाडीत बसल्यावर तिने डबा उघडला आणि दहीभात खाल्ला, सगळा. म्हणाली, 'पुढच्या रविवारी लवकर निघू. ऊन कमी असतं.'

'त्याला सोडवायचं म्हणत होतीस ना तू?'

'जर्मनीला जाणार होता,' ती म्हणाली. 'तिकीट काढून मग सांगितलं मला. मी काय बोलले? जा म्हटलं. एकदा म्हटलंय ना जा? पुन्हा नाही म्हणणार.'

'आत्या, उन्हात उभा आहे तो.'

'मेलेल्याला ऊन लागत नाही.'

'मग ओठ का फुटलेत?'

सरगूर गेल्यावर ती म्हणाली, 'घरी होता तेव्हा माझ्याकडे बघायचा का? जेवताना फोन, झोपताना फोन. आता निदान कुणाची तरी वाट बघतो. आणि जागेवर असतो. गेलं की भेटतो. किती जणींच्या पोरांचं असं आहे, सांग बघू चामराजपुरममध्ये? सगळी अमेरिकेत.'

मी तिला न्यायचं बंद केलं. तिने टॅक्सी केली. शेजारच्या बाईला बरोबर घेऊन गेली, तिला खाली गाडीत बसवून एकटी वर चढली, उतरताना पडली, हाताला प्लास्टर घेऊन परत आली. मग मी पुन्हा नेऊ लागलो.

तिच्यावाचून मी प्रयत्न केले, तेही सांगतो. एकटा गेलो, फाटा रिकामा. रविवारी गेलो, इतर वारी गेलो, रिकामाच. शेवटी नवीनला गाठलं, त्या दिवशीचा स्वीप. तो आधी नाही म्हणाला, मग स्वतःच फोन करून म्हणाला, येतो. मला पुढे घालून तो नियमाप्रमाणे मागून आला. दगडापाशी कोणीच नव्हतं. नवीन त्या रिकाम्या जागेसमोर उभा राहून 'लास्ट' म्हणाला. परत म्हणाला. मग ओरडून म्हणायला लागला. धारेवरच्या वस्तीतली दोन माणसं बघायला आली. मी त्याला खाली आणलं. पुढच्या रविवारी आत्याबरोबर गेलो, तर प्रमोद जागेवर.

तिच्या देखतही एकदा मी बोललो. त्याने विचारलं, मी म्हटलं, 'लास्ट. प्रम्या, लास्ट, झालं, जा.' त्याची नजर माझ्यावर आलीच नाही. तो माझ्या खांद्यावरून, आत्या उभी होती त्या बाजूला, वाटेकडे बघत होता. आत्या म्हणाली, 'तुझं नाही ऐकणार तो. ज्याने उभं केलं त्याने सोडायचं. विसरलास?' आवाजात तोच लग्नाबारशातला अभिमान होता.

क्लबने तो रूट सोडला. आता कावेरीच्या बाजूला जातात. नवीनने सायकल विकली असं ऐकतो. अरविंद अधूनमधून आत्याकडे येतो, ती त्याला वडे करून घालते आणि समोर बसते. दोड्डकल्लूला यायला मात्र तो तयार नाही. आत्याकडे का येतो, मला माहीत नाही.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. डॉक्टर मित्र म्हणतो, दुःखात एकाला दिसतं आणि जवळच्या दुसऱ्याला लागण होते. मग दिव्याचं काय, बेंगळूरूच्या लोकांचं काय, यावर तो खांदे उडवतो. इथे कुणाला असा अनुभव असेल तर जरूर लिहा. होमहवन सुचवू नका, आत्या दारात उभं करणार नाही.

एवढ्यात घडलेलं एक तेवढं नोंदवतो आणि थांबतो. आत्याचे गुडघे आता फारच दुखतात, गेल्या रविवारी मी तिला निम्मा चढ पाठुंगळी नेलं. वर गेल्यावर खाली ठेवलं, ती धाप लागून दगडाला टेकली. तो वाटेकडे बघत होता. इतक्या महिन्यांत त्याने कुणाला ओळखलेलं मी पाहिलं नव्हतं. यावेळी त्याने मान वळवली. तिच्याकडे बघितलं, तिच्या पायांकडे बघितलं. ओठ हलायला वेळ लागला, कोरडे होते.

'आई,' तो म्हणाला, 'लास्टा?'

ती क्षणभरही थांबली नाही.

'अजून नाही,' म्हणाली.